विष मेंढीच्याच पोटातलं

मी विष शोधायचं काम करते असं सांगितलं की लोकांना आधी पोलीस आठवतात. पोलिसांचा आणि माझा काही संबंध नाही. मी जनावरांच्या रोगांच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. राहायला बदनापूरला, तिथून रोज रेल्वेनं शहरात जाणं-येणं. काही जंतू असे असतात की ते स्वतः जनावराला फारसं काही करत नाहीत, पण ते एक विष तयार करतात आणि जनावर त्या विषानं मरतं. मेलेल्या जनावराच्या आतड्यातून ते विष वेगळं काढायचं, ते कोणत्या जंतूचं ते ओळखायचं आणि कागदावर लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. लग्न ठरताना सासरच्यांनी विचारलं, मुलगी काय करते? वडिलांनी सांगितलं, नोकरीला आहे. पुढचं त्यांनी लग्न होईपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

या कामानं एक सवय लागते. मेलेलं जनावर दिसलं की हळहळ वाटायच्या आधी मनात येतं, मरून किती वेळ झाला असेल? कारण विष उन्हात टिकत नाही, जनावर सडायला लागलं की तेही मोडतं. माझ्या जावेला माझं हे बोलणं भयंकर वाटतं. ती मला जेवताना कामाबद्दल काही विचारत नाही, आणि ते माझ्याही सोयीचं आहे.

माझं माहेर केदारखेड्याजवळच्या एका वस्तीवर. वडील गेल्यापासून तिथे आई आणि थोरला भाऊ, म्हणजे दादा, असे दोघंच असतात. दिवाळी झाली, मका निघाला की आमच्या रानात मेंढ्या बसतात. मेंढपाळ आपला कळप काही रात्री रिकाम्या रानात मुक्कामाला ठेवतो, लेंड्यांनी रानाला खत मिळतं आणि त्याबद्दल मेंढपाळाला धान्य दिलं जातं. आमच्याकडे मी लहान असल्यापासून एकाच घरच्या मेंढ्या येतात. त्या मेंढपाळाला आम्ही मामा म्हणतो. आईला सख्खा भाऊ नाही. भाऊबीजेला मामा वाटेत जिथे असतील तिथून चालत येतात, आई त्यांना ओवाळते, आणि मग दोघं ओट्यावर बसून तासभर पाऊसपाण्याखेरीज काही बोलत नाहीत. मला लहानपणी वाटायचं, यांना एकमेकांशी बोलायला काहीच नाही. आता माझं मत वेगळं आहे.

कळप रानात शिरला की आई पुढच्या एडक्याच्या कपाळाला कुंकू लावते आणि सूपभर दाणे त्याच्यापुढे ओतते. सूपभर दाणे एवढ्या मोठ्या कळपाला काय पुरणार, चार-दोन दाणे मिळाले तर मिळाले. पण तो मान असतो. आमच्या भागात मेंढ्या बसवणारी जुनी घरं अजून तो पाळतात.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मेंढ्या बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. मी प्रयोगशाळेत पोचून नुकता अंगात कोट घालत होते.

"मामाच्या मेंढ्या मरून राह्यल्या," तो म्हणाला. "सकाळी उठून पाह्यलं तं आठ-दहा पडल्या व्हत्या. अजून पडून राह्यल्या. तू जल्दी काही तरी सांग."

"मरताना काय करतात?"

"पाय झाडतात. मान मागं टाकतात आन खलास."

"काय खाल्लं त्यांनी?"

"काही न्हाई. रानातला पाला, धसकटं. रोजचंच."

"तू रानात काही फवारलं होतंस का?"

"बांधाला तणनाशक मारलं व्हतं. आठवडा झाला. बांधाला. रानात न्हाई."

दादा माणूस चांगला आहे. पण बांध कुठे संपतो आणि रान कुठे सुरू होतं हे त्याच्या फवाऱ्याला कळतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकले नसते. लहानपणी दरवाजाला रंग देताना त्यानं माझी सायकल रंगवून ठेवली होती.

"कोणत्या मेल्या?" मी विचारलं. "अशक्त की चांगल्या?"

"सगळ्या धट्ट्याकट्ट्या. मरतुकड्या उभ्या हायेत."

हे ऐकून मी खुर्चीवर बसले. फवारणीचं औषध धट्टीकट्टी मेंढी निवडून मारत नाही. मी त्याला सांगितलं, तालुक्याच्या डॉक्टरांना आत्ता बोलव, नुकतीच मेलेली एक मेंढी त्यांच्याकडून उघडून घे, आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्यानं बांधून घे आणि बर्फात ठेवून इकडे आण. बर्फ कुठून आणू, म्हणाला. मासळीवाल्याकडून आण, म्हटलं. दुपारी तो मोटारसायकलीवर थर्माकोलचा डबा बांधून प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. कपड्यांना मासळीचा वास येत होता आणि तोंड असं उतरलं होतं की चौकीदारानं त्याला आधी पाणी दिलं.

तिकडे काय झालं ते त्यानं दारातच सांगितलं. मामींना, म्हणजे मामांच्या बायकोला, बांधावर तणनाशकाची रिकामी बाटली सापडली होती. बाटली उचलून त्यांनी आमच्या ओट्यावर आणून ठेवली आणि परत गेल्या. वस्तीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. त्या क्षणापासून आई दादाशी बोलायची बंद झाली.

"मामा काय म्हणाले?" मी विचारलं.

"काहीच न्हाई. कळप उठवला आन नदीपल्याड दुसऱ्याच्या रानात गेले. आपल्याकडं एकच रात बसणार व्हते का ते? दरसाल हप्ताभर ऱ्हातेत." मग तो म्हणाला, "माय एवढंच म्हणली, माझा भाऊ तुह्यामुळं तुटला."

तेव्हा मला कळलं की प्रश्न मेंढ्यांचा राहिलेला नाही. आईला जन्मात एक भाऊ मिळाला होता, तोही वाटेनं येणारा, आणि तो आता दुसरी वाट धरणार होता.

घरचा नमुना घरच्या माणसानं तपासायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे आणि तो चांगला आहे. मी डब्यावर नुसता क्रमांक टाकून तो माझ्या सहकारी बाईंकडे दिला आणि शेजारच्या टेबलावर बाटल्या धूत बसले. त्या बाटल्या आधीच धुतलेल्या होत्या.

यात जंतू सापडणं हा पुरावा नसतो. हा जंतू चांगल्या, चालत्याफिरत्या मेंढीच्या आतड्यातही थोडाफार असतोच. बिऱ्हाडकरूसारखा एका कोपऱ्यात पडून असतो, कोणाला त्रास देत नाही. म्हणून जंतू मोजून काही कळत नाही, त्यानं विष केलं का ते पाहावं लागतं. आतड्यातला द्रव इतका बारीक गाळायचा की एकही जंतू खाली उतरू नये. खाली जे येतं ते साध्या ताकाच्या निवळीसारखं दिसतं. त्या निवळीत विष असेल तर ते त्याच्या ठरलेल्या प्रतिपिंडाला, म्हणजे अँटिबॉडीला, चिकटतं आणि प्लास्टिकच्या पट्टीवरच्या इवल्याशा वाट्यांमध्ये रंग उमटतो. नसेल तर वाट्या पाण्यासारख्या राहतात. नोकरीला लागले तेव्हा मला या रंगाचं फार अप्रूप होतं, मी घरी जाऊन सांगायची. नंतर रोजचंच झालं. त्या दिवशी मात्र मी पट्टीकडे पाठ करून उभी राहिले.

बाई म्हणाल्या, "उमटला. चांगला गडद आहे." त्यांना तो नमुना कोणाचा ते ठाऊक नव्हतं. त्या पुढचा नमुना घ्यायला लागल्या.

आंत्रविषार. मराठीत या रोगाला हे नाव आहे, आणि ते बरोबर आहे. मेंढीनं एकदम भरपूर दाणा खाल्ला की तो नीट न पचता आतड्यात उतरतो. कोपऱ्यातल्या त्या जंतूला आयतं मेजवानीचं ताट मिळतं. तो भराभर वाढतो आणि विष सोडतो. गंमत अशी की ते विष सुरुवातीला बोथट असतं, मेंढीच्याच पचनाचा रस त्याला धार लावतो. मग ते रक्तातून मेंदूत जातं. जी मेंढी दांडगी, ती दुसऱ्यांना ढकलून पुढे जाते, तीच जास्त खाते आणि तीच आधी मरते. मी हे शिकाऊ मुलांना बऱ्याच वेळा शिकवलेलं आहे, फळ्यावर आकृती काढून.

दादा व्हरांड्यात बसला होता. मी त्याला सांगितलं, तुझ्या तणनाशकानं नाही. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग मी विचारलं, "दाणे कोणी घातले?"

"दाणे न्हाई घातले कोणी."

"दादा, दाण्याशिवाय हे असं होत नाही."

तो आठवायला लागला. आठवता आठवता त्याचा चेहरा बदलला. त्या वर्षी त्यानं मका भाड्याच्या मळणी यंत्रावर काढला होता. यंत्र नीट लावलेलं नव्हतं, निम्मा मका फुटला. फुटक्या दाण्याची मोठी रास खळ्यात पडून होती, व्यापारी ती घेत नव्हता. संध्याकाळी कळप आला, आईनं एडक्याला कुंकू लावलं आणि ती म्हणाली, दरसाल सूपच देते मी माझ्या भावाला, यंदा देवानं रास दिली तर रास देईन. तिनं खळ्याचं काटेरी फाटक स्वतः उघडलं. मामा तिथेच उभे होते. त्यांनाही बरं वाटलं. वाटेवर कोरडी धसकटं चघळून आलेल्या मेंढ्यांना असं कोण देतं?

दादानं खोटं सांगितलं नव्हतं. मी काय खाल्लं असं विचारलं, तेव्हा ती रास त्याच्या डोक्यातच आली नाही. ते खाणं नव्हतं, मान होता. मामांच्या, मामींच्याही डोक्यात आलं नाही. मेंढ्या मेल्यावर सगळ्या वस्तीनं बांध पाहिला, बाटली पाहिली, खळं कोणी पाहिलं नाही. मीही पाहिलं नसतं.

"मायला सांगू नको," दादा म्हणाला.

"वस्ती तुला नावं ठेवते आहे."

"ठेवू दे. वस्ती चार दिसांत विसरून जाईल. ती न्हाई विसरणार." तो उठला. "मी जातो आन मामाला सांगतो, माझ्यानंच झालं. हात जोडतो. मंग तरी येतील."

मला त्याचा राग आला आणि त्याचं प्रेमही आलं, दोन्ही एकदम. मी त्याला म्हटलं, तू हात जोडशील, मामा माफ करतील, आणि पुढच्या गावात पुन्हा कोणी मोठ्या मनाचं माणूस त्यांच्यासाठी रास मोकळी करेल. मग? मेंढपाळाला मेंढ्या कशानं मेल्या हे कळायलाच हवं, त्यात घरच्या माणसाचं मन सांभाळायला जागा नाही. हे मी त्याला ठणकावून सांगितलं. आईला कसं सांगायचं ते मात्र मला सुचत नव्हतं.

रविवारी मी वस्तीवर गेले. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिच्या पायाशी तिची गाभण शेळी बांधलेली होती. ही शेळी तिची एकटीची, दादाचा तिच्यावर काही हक्क नाही. आईनं मला पाणी दिलं आणि लगेच सांगायला सुरुवात केली. काल ती ही शेळी घेऊन नदीपल्याड मामांच्या मुक्कामावर गेली होती. माझ्या लेकानं केलं ते मी भरते, म्हणाली होती. मामांनी शेळी घेतली नाही.

"काय म्हणाले?"

"म्हणला, आक्का, तुहं काय चुकलं? ज्यानं केलं त्यानं यावं. तुही शेळी मी न्हाई घेत." आई शेंगा फोडायची थांबली. "मंठ्याकडं जाऊन राह्यले ते. आज निघतेत. पुढल्या साली तिकडूनच खाली उतरतील, इकडं न्हाई येणार. त्यानं म्हणलं न्हाई, पण मला कळतं."

दादा खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "माय, मीच—"

"दादानं काही केलेलं नाही," मी म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. जंतू, आतडं, गाळलेली निवळी, रंग. मी शक्य तितकं सोपं करून आणि अगदी कोरड्या आवाजात सांगत होते, कारण दुसऱ्या आवाजात मला ते जमलं नसतं. दाण्यावर आले तेव्हा मी म्हटलं, खूप दाणा एकदम पोटात गेला की असं होतं. कोणी दिला ते म्हटलं नाही.

आई ऐकत होती. तिला शाळा माहीत नाही, पण ती वाक्य अर्धवट ऐकत नाही.

"म्हंजे म्या मारल्या," ती म्हणाली.

"तू नाही माय. जंतूनं मारल्या. विष जंतूनं केलं."

"जंतूला दाणे कोणी घातले?"

इतकी वर्षं मी लोकांना कारण शोधून देते. कोणत्या जंतूचं विष, कोणत्या प्रकारचं, सगळं लिहिते, सही करते. पण त्या कागदावर आईच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला जागा नसते. दादा खाली मातीकडे बघत होता. आई त्याच्याकडे वळली आणि तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली, लहान मुलाला मारतात तशी. "तोंड न्हाई का तुला? वस्ती बोलून राह्यली आन तू ऐकून घेतू?" तो हसला, आणि मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आईनं पदर खोचला, शेळी सोडली आणि ती चालायला लागली. आम्ही दोघं तिच्या मागे. पूर्णा नदीला पाणी गुडघ्याखालीच होतं. शेळी पाण्यात पाय घालेना, तेव्हा दादानं तिला उचलून पलीकडे नेलं.

मामांचा मुक्काम आवरायला लागला होता. मामी भांडी पोत्यात भरत होत्या. आम्हाला पाहून त्या उभ्या राहिल्या, पण या म्हणाल्या नाहीत. मामा घोड्याच्या पाठीवर सामान बांधत होते. आई त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"भाऊ, लेकानं न्हाई केलं," ती म्हणाली. "फवारणीनं न्हाई मेल्या. माझ्या दाण्यानं मेल्या. म्या रास मोकळी केल्ती, त्याच्यानं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं हाय का, बाई?"

"खरं आहे, मामा. तपासलं आहे."

"दाण्यात विष व्हतं?" मामींनी विचारलं.

"दाण्यात नव्हतं, मामी. दाणे चांगले होते. विष मेंढीच्या पोटात झालं. एकदम जास्ती खाल्लं म्हणून झालं."

मामींचा विश्वास बसला नाही. खाऊन मरतं का जनावर, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी त्यांना उरलेल्या कळपाला लस टोचून घ्यायला सांगितलं. या विषाचीच लस असते, विष निकामी करून थोडंसं टोचतात, म्हणजे अंगाला त्याची ओळख होते. त्या वर्षी पावसाळ्याआधी गावोगाव लस टोचली तेव्हा त्यांचा कळप वाटेवर होता, म्हणून राहून गेली होती. मंठ्याच्या दवाखान्यात कोणाला भेटायचं तेही सांगितलं. मामा हो-हो करत होते, पण त्यांचं लक्ष आईकडे होतं. आई शेळीचं दावं हातात धरून तशीच उभी होती, मान खाली. आयुष्यात तिला मी कोणापुढे अशी उभी राहिलेली पाहिली नव्हती. मला ते बघवेना.

"मान म्हणून घातलं व्हतं," ती म्हणाली. "मला काय ठाव?"

मामांनी घोड्याची दोरी मामींच्या हातात दिली. ते आईजवळ आले आणि काल नाकारलेल्या शेळीचं दावं त्यांनी तिच्या हातातून घेतलं. शेळीच्या पोटावरून हात फिरवला, दात पाहिले.

त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढ्या. गाभण शेळीचं काय करावं लागतं हे त्यांना आमच्याकडून शिकायचं नव्हतं.

"आक्का," मामा म्हणाले, "हिला दाणे किती घालायचे?"

आईनं मान वर केली. मग तिनं हात पुढे केला आणि मूठ करून दाखवली.

"एवढे," ती म्हणाली. "सांजच्याला. जास्ती न्हाई."

"बराबर," मामा म्हणाले.